आधी कंट्रोल बंद करा

प्रेशर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे दाब मोजणारी गेजं खरं सांगतात का ते तपासण्याच्या, टेबलावर दोन समजुती पक्क्या बसलेल्या असतात. दाब उतरायला लागला म्हणजे गळती आहे, आणि दाब जागच्या जागी उभा आहे म्हणजे गळती नाही. पहिलीने फार तर वेळ जातो. दुसरी मात्र सर्टिफिकेटवर चुकीचा आकडा छापून घेते, आणि तो आकडा पुढे कुठल्या बॉयलरच्या किंवा ऑटोक्लेव्हच्या भरवशाला जाऊन बसतो ते आपल्याला कळतही नाही. मला या दुसऱ्या समजुतीची जास्त काळजी वाटते, कारण आजकालची यंत्रं तिला खतपाणी घालतात.

आमच्या लॅबमध्ये, भोसरीच्या एमआयडीसीत, शून्य ते 20 बार रेंजचा एक ऑटोमॅटिक प्रेशर कंट्रोलर आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मागच्या बाजूला दोन पोर्ट असतात, एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून नको असलेली बाहेर जाते. पुढे टेस्ट पोर्ट, तिथे गिऱ्हाइकाचं गेज लावायचं. आत दोन व्हॉल्व्ह, एक भरणारा आणि एक सोडणारा, आणि त्यांच्यामध्ये सेन्सर. तुम्ही स्क्रीनवर 10 बार टाकलं की भरणारा व्हॉल्व्ह हवा घेतो, जास्त झाली की सोडणारा सोडतो, आणि बारीक बारीक झटके देत दोघं मिळून दाब 10 वर आणून ठेवतात. आकडा स्थिरावला की स्क्रीन हिरवी होते. हातपंप मारून, व्हर्नियर फिरवून दाब जमवणाऱ्या पिढीला हे सुख वाटतं, आणि ते आहेच. सात बारपर्यंतचं काम असलं की आम्ही कॉम्प्रेसरची लाइन लावतो, त्याच्या वर नायट्रोजनचा सिलिंडर.

पावसाळ्यात या यंत्राने टिकटिक सुरू केली. झटके ते एरवीही देतं, पण दाब जमला की शांत होतं. आता ते शांत होईना. स्क्रीन हिरवी, आकडा दहावर ठाम, आणि आत सतत टिक, टिक, टिक. आमच्याकडे डिप्लोमा करून आलेला एक मुलगा आहे, हुशार आहे. तो म्हणाला, "मॅडम, रीडिंग तर स्टेबल आहे."

"स्टेबल आहे, पण कोणाच्या जिवावर?" मी विचारलं.

सगळा मुद्दा इथेच आहे. कंट्रोलर गळती बंद करत नाही, तो ती भरून काढतो. जेवढी हवा निसटते तेवढी तो आत ढकलतो आणि आकडा जागेवर ठेवतो. मग यात बिघडलं कुठे? बिघडतं ते नळीत. पास्कलने सांगितलेला नियम, की बंदिस्त द्रवात किंवा वायूत दाब सगळीकडे सारखा पोचतो, तो स्थिर द्रवाचा, स्थिर वायूचा आहे. हवा वाहायला लागली की नळीच्या दोन टोकांचा दाब सारखा राहत नाही. सेन्सर यंत्राच्या पोटात, गेज मीटरभर बारीक नळीच्या पलीकडे. गळती गेजच्या तोंडाशी असली तर सेन्सरला 10 दिसतात आणि गेजला त्याहून थोडे कमी मिळतात. गेज बिचारं खरं सांगत असतं. आपण लिहितो, गेज कमी दाखवतंय, आणि स्क्रू फिरवून त्याला "सुधारतो".

म्हणून कंट्रोलरवरचा संशय फिटेपर्यंत मी पाना हातात घेत नाही. आधी कंट्रोल बंद करते आणि नुसत्या मेझर मोडमध्ये बसते. या मोडमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह मिटतात, यंत्र काही भरत नाही, काही सोडत नाही, फक्त बघतं. आता जे होईल ते सिस्टिमचं स्वतःचं. या वेळी बोटं शिवशिवतात, काहीतरी आवळावंसं वाटतं. तेव्हा हात मागे ठेवून आकडा बघत राहणं हेच काम असतं.

आकडा उतरला. मुलगा लगेच म्हणाला, लीक! मी म्हटलं, थांब. कसा उतरतोय ते बघ.

हवा दाबली की ती तापते. हातपंपाने झपाझप दाब चढवा आणि सिलिंडरला खालून हात लावून बघा, कोमट लागतो. ही तापलेली हवा मग नळीच्या, गेजच्या, मॅनिफोल्डच्या थंड धातूला टेकून निवते, आणि निवताना तिचा दाब उतरतो. किती? गेजवर दहा बार दिसतात तेव्हा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून आपल्याकडे साधारण 11 बार निरपेक्ष दाबाला, एक अंश सेल्सिअस फरकाने जवळजवळ 37 मिलीबार. गणित साधं आहे, 11 भागिले 296 केल्व्हिन. आता ज्या डिजिटल गेजची अचूकता 20 बारच्या 0.05 टक्के आहे, त्याला 10 मिलीबारची मुभा. म्हणजे एका अंशाचा खेळ त्याच्या मुभेच्या साडेतीनपटीहून जास्त! एसीचा झोत सरळ नळीवर येत असेल, किंवा कोणी गेज तळहातात धरून उभं असेल, तरी हे नाटक घडतं. आम्ही टेबलावरच्या एसीच्या पात्या वळवून ठेवल्या आहेत त्या यासाठीच.

पण तापमानाचा उतार आणि गळतीचा उतार यांची चाल वेगळी. निवण्याचा उतार आधी जोरात असतो, मग मंदावतो, शेवटी थांबतो, कारण निवायचं तेवढं निवून झालं. गळती मात्र थकत नाही. ती एकाच गतीने चालू राहते, दाब कमी होईल तशी किंचित मंद होते इतकंच. म्हणून दाब चढवल्यावरची पहिली काही मिनिटं मी मोजतच नाही, ती हवेला देऊन टाकते. त्यानंतर ठरावीक अंतराने आकडे लिहायचे. कागदावर तो उतार सरळ पडतो की वाकतो एवढंच बघायचं. आणि एक तिसरी शक्यता असते, ती नवख्यांना बुचकळ्यात टाकते. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना आकडा वर चढायला लागतो. तेव्हा गळती बाहेर शोधायची नसते. भरणारा व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे ज्या तोंडावर तो मिटतो त्यावर, नीट बसत नाही आणि मागून सप्लायची हवा आत झिरपतेय, हे समजायचं.

आमचा उतार सरळ होता. म्हणजे खरी गळती.

इथे मला फ्लोरॅं पेरिए नेहमी आठवतो. तो पास्कलचा मेहुणा. 19 सप्टेंबर 1648 रोजी तो पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्यूय-द-डोम डोंगर चढला. पायथ्याशी पारा 26 इंच आणि साडेतीन रेषा होता, माथ्यावर 23 इंच दोन रेषा. रेषा म्हणजे इंचाचा बारावा भाग, आणि ते इंचही जुने फ्रेंच. हवेला वजन आहे आणि उंचीवर ते कमी होतं, हे त्यातून दिसलं. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसतं ते हे, की पेरिएने निघताना तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठात उभी करून ठेवली होती आणि एका धर्मगुरूंना दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ती दिवसभर हलली नाही. ती हलली असती तर डोंगरावरच्या आकड्याला काही अर्थच उरला नसता. पेरिएइतकंच मला त्या दिवसभर नळीकडे बघत बसलेल्या धर्मगुरूंचं काम मोठं वाटतं. गळती शोधताना हेच करायचं असतं. एक भाग तोडून बंद करायचा, त्याला स्वस्थ राहू द्यायचं, आणि तो हलतो का बघायचं.

टेस्ट पोर्टवरून नळी काढली आणि तिथेच बूच मारलं. आता गेज नाही, नळी नाही, अडॅप्टर नाही, फक्त यंत्राचं पोट. पुन्हा 10 बार, पुन्हा कंट्रोल बंद. आकडा उतरतच होता. म्हणजे गळती आत होती, आणि आतून हवा बाहेर जायला राजरोस वाट एकच, एक्झॉस्ट. मागच्या पोर्टला एक पारदर्शक नळी लावली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात जेमतेम बुडवलं. पंक्चरवाला ट्यूब घमेल्यात बुडवतो तेच हे. थोड्या वेळाने टोकाशी एक बुडबुडा फुगला, सुटला, वर आला. मग दुसरा. संथ, पण न चुकता. (हे करताना एक्झॉस्टला व्हॅक्यूम पंप जोडलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी. यंत्राने श्वास उलटा घेतला तर ग्लासातलं पाणी थेट व्हॉल्व्हमध्ये जाईल.)

साबणाचं पाणी मी यंत्राच्या आत कधीच वापरत नाही, आणि बाहेरही हाताला लागेल ते वापरत नाही. भांड्यांचा साबण ढवळून ब्रशने फासायची पद्धत वर्कशॉपमध्ये सर्रास आहे. काही साबणांत अमोनिया असतो, आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. आपल्याच देशात हे पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांवर आलं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली की तडकायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया त्याला कारण होता, हे 1921 साली पक्कं झालं. आपली फिटिंगं, फेरूल, अडॅप्टर, बहुतेक पितळेचीच. तेव्हा गळती शोधायला म्हणून मिळणारं अमोनियाविरहित द्रावणच घ्यावं, आणि काम झालं की ते पुसून टाकावं. आळसाने ठेवलेला फेस वाळून आट्यांत चिकटतो.

सोडणारा व्हॉल्व्ह उघडला. त्यासाठी टेबल आधी पुसून घेतलं, खाली पांढरा, सूत न सोडणारा कपडा अंथरला आणि भिंग जवळ घेतलं. सीट म्हणजे एक लहानसं गोल तोंड, त्यावर मऊ पदार्थाची टिकली येऊन बसते. त्या तोंडाच्या कडेला मधासारखा पिवळसर थर होता, बोटाला किंचित चिकट. आणि त्या थरात अडकलेला पांढरा केसासारखा धागा. टेफ्लॉन टेपचा. टिकली रोज त्या धाग्यावर येऊन बसत होती, आणि एका बाजूने हवेला फट मिळत होती.

टेपबद्दल माझं स्पष्ट मत आहे. कॅलिब्रेशनच्या टेबलावर ती शक्य तिथे नकोच. ओ-रिंग किंवा बाँडेड सील बसेल अशी फिटिंगं वापरावीत. आणि लावायचीच तर पहिली एक-दोन आटी मोकळी सोडून लावावी, म्हणजे टोकाचा तुकडा कापला जाऊन आत जात नाही.

पण तो पिवळा थर कुठला? आधी संशय कॉम्प्रेसरवर गेला, कारण दिवस पावसाचे. तीस अंशाच्या, ऐंशी टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. कॉम्प्रेसर ती हवा आठ बार गेजला दाबून नवव्या हिश्शात कोंबतो. निवल्यावर तेवढ्या जागेत साडेतीन ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही, बाकीचे वीसएक ग्रॅम पाणी होऊन टाकीच्या तळाशी उतरतात. पुण्यातल्या जुलैत टाकीचा ड्रेन उघडला नाही तर ते पाणी लाइनला लागतं. आमचा ड्रेन रोज उघडला जातो, ड्रायर आणि फिल्टर आहेत, आणि फिल्टरची वाटी स्वच्छ निघाली. शिवाय पाण्याचा डाग असा चिकट नसतो.

उत्तर समोरच्या बाजूला होतं. हवा फक्त मागूनच आत येते असं नाही. दहा बारला गेज भरलं आणि व्हेंट केलं, म्हणजे दाब सोडून दिला, की गेजच्या पोटातल्या वाकड्या पोकळ नळीत (तिला बूर्दों नळी म्हणतात) दाबलेली हवा सुसाट उलटी फिरते आणि यंत्रातून एक्झॉस्टकडे जाते. ते गेज हायड्रॉलिक प्रेसवरून तसंच उचलून आणलेलं असेल तर त्या नळीतलं तेल तुषार होऊन हवेबरोबर आत येतं. दर व्हेंटला थोडं, दर गेजला थोडं. गेज आतून धुऊन पाठवा असं आम्ही चलनावर छापलेलं असतं, तरी तेलाने निथळणारी गेजं येतच राहतात. म्हणून आम्ही इथे ती पुन्हा धुतो, आणि टेस्ट पोर्ट आणि गेजच्या मध्ये तेल अडवणारा ट्रॅप असतो. ट्रॅपचा फिल्टर काढून बघितला तर तो पुरता तुंबलेला होता, तेल त्याच्या पलीकडे पोचलं होतं. त्याची बदलण्याची मुदत अजून संपलेली नव्हती. आता आम्ही मुदत बघत नाही, रंग बघतो.

त्या तेलाने मला अस्वस्थ केलं ते व्हॉल्व्हपायी नाही. व्हॉल्व्ह आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, टिकली बदलता येते. पण याच टेबलावर ऑक्सिजनची गेजंही येतात. त्यांच्या डायलवर "यूज नो ऑइल" लिहिलेलं असतं, आणि ते शोभेला नसतं. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा ओशटपणाही पेट घेऊ शकतो. आमच्याकडे ऑक्सिजनच्या गेजसाठी वेगळा, फक्त नायट्रोजनवर चालणारा सेट आहे, त्याची नळीसुद्धा दुसऱ्या कामाला लागत नाही. पण अनेक लहान लॅबमध्ये एकच पंप, एकच नळी, तीच सगळ्यांना. दवाखान्याच्या सिलिंडरवर बसणारं गेज सकाळी प्रेसच्या गेजमागोमाग त्याच नळीला लागतं. गेजमधला आकडा बरोबर येईल, पण गेज घेऊन कोण काय जोडणार आहे याचा विचार तिथे कोणी करायचा?

व्हॉल्व्ह साफ झाला, नवी टिकली बसली, ग्लासातले बुडबुडे थांबले. बूच मारलेलं असताना आकडा दगडासारखा उभा राहिला. टिकटिक गेली. मुलाने नळी लावली, गेज चढवलं, स्क्रीन हिरवी झाली, आणि तो खुश होऊन रीडिंग घ्यायला बसला.

मी म्हटलं, कंट्रोल बंद कर.

आकडा उतरायला लागला. हळू, पण सरळ रेषेत. या वेळी आवाज नव्हता, गळती इतकी बारीक होती की कंट्रोलर ती सहज पचवत होता. आधीची गळती सेन्सरच्या मागे होती. तिच्यामुळे हवा वाया जायची, कान किटायचे, पण नळीतून गेजपर्यंत काही वाहत नव्हतं, म्हणून रीडिंगला तिने धक्का लावला नव्हता. ही दुसरी गेजच्या गळ्याशी होती आणि तिने एक शब्द काढला नव्हता.

अर्ध्या इंचाचं अडॅप्टर होतं, पिशवीवर एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या पाइप-आट्या, असं लिहिलेलं. गेजच्या आट्याही एनपीटी. बसत होतं, चार-पाच आटी छान फिरत होतं, आवळलं की घट्टही लागत होतं. आट्या तपासायचं थ्रेड गेज लावलं तेव्हा उलगडा झाला. अर्ध्या इंचाच्या एनपीटीला इंचाला 14 आट्या, बीएसपीला, म्हणजे ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांनाही, 14. पण एनपीटीच्या आटीचा कोन 60 अंश, बीएसपीचा 55. पाव इंचात आट्या 18 आणि 19 अशा वेगळ्या असतात, त्यामुळे चुकीचं अडॅप्टर तिथे लवकर अडतं आणि हाताला कळतं. अर्ध्या इंचात हाताला कळत नाही. पुरवठादाराने पिशवीवर एक छापून आत दुसरं घातलं होतं. टेपचे वेढे मधली फट कशीबशी भरत होते, आणि तिथूनच हवा सुटत होती.

गेजच्या टोकाशी टी-जोड देऊन त्यावर मास्टर गेज लावून बघितलं. ते आणि कंट्रोलर या दोघांत काही मिलीबारचा फरक येत होता. एक टक्का क्लासच्या 16 बारच्या गेजला 160 मिलीबारची मुभा असते, त्याला हा फरक जाणवणारही नाही. पण 0.05 टक्क्याच्या डिजिटल गेजच्या बाबतीत हे काही मिलीबार कोणाचं गेज पास आणि कोणाचं नापास हे ठरवू शकतात.

आयएसओ/आयईसी 17025 या, आमच्यासारख्या लॅबसाठीच्या, मानकाच्या 2017 च्या आवृत्तीत, कलम 7.10 मध्ये, बिनचूक न झालेल्या कामाचं काय करायचं ते सांगितलेलं आहे: परिणाम किती झाला ते ठरवा, गरज असेल तर गिऱ्हाइकाला कळवा, काम परत बोलवा. ऑडिटच्या आधी ते कलम सगळे वाचतात. वर्कशीटवर आमच्याकडे प्रत्येक अडॅप्टरचा नंबर लिहिला जातो, त्यामुळे हे अडॅप्टर कुठल्या कुठल्या कामाला लागलं होतं ते काढता आलं. ज्या गेजना त्या फरकाने काही होणार नव्हतं त्यांचं गणित करून फाइलला लावलं. डिजिटल गेज परत मागवली.

फोन करणं सोपं नव्हतं. एका कारखान्याचे मेंटेनन्सचे साहेब चिडले. त्यांचं गेज लाइनवर परत चढलं होतं, ते उतरवायचं म्हणजे शटडाउन. "एवढ्याशा फरकासाठी?" ते म्हणाले. मी त्यांना अडॅप्टरचं सांगितलं, पिशवीवरचं नाव, अर्धा इंच, चौदा आट्या. पलीकडे काही क्षण आवाजच आला नाही. मग ते म्हणाले, तोच पुरवठादार आमचाही आहे. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस गेज घेऊन आला, आणि सोबत त्यांच्या कपाटातल्या अडॅप्टरांची अख्खी पिशवी. आमच्या मुलाने एकेक काढून थ्रेड गेज लावायला सुरुवात केली. एका बाजूला खऱ्या एनपीटीचा ढीग, दुसऱ्या बाजूला नुसतं तसं लिहिलेल्यांचा. दुसरा ढीग वाढत चालला तसा त्या माणसाने खिशातून फोन काढला आणि प्लांटमध्ये लावला. यातले आधीच कुठल्या कुठल्या लाइनवर बसलेत, त्याची यादी करायला त्याने तिथूनच सांगितलं.